निळ्या गळ्याची मुकादम

माझी थोरली जाऊ जाड आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल कुणीही बोलायला लागलं की दुसऱ्याच वाक्यात ते येतं, आणि सांगणाऱ्याचा आव असा असतो की हा शोध त्यानंच लावलाय. शिंप्यानं माप घेताना सांगितलं. शेजारणीनं जिना चढताना सांगितलं. बसमधल्या अनोळखी बाईनं खिडकीकडे सरकताना सांगितलं. आमच्या सासूबाईंनी तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, ताट वाढता वाढता सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या घरी आरसा नाही असं या लोकांना वाटतं की काय, कोण जाणे.

कामावर तिला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे बंब. तिला ते पक्कं ठाऊक आहे. एकदा एकीच्या तोंडून तिच्या समोरच 'बंबताई' असं निसटलं आणि ती बिचारी जीभ चावून उभी राहिली. जाऊ म्हणाली, "असू दे गं. बंब आहे म्हणून घर गरम पाण्यानं अंघोळ करतं." मी तिला ताईच म्हणते, पण अगं-तुगं करते. तिनंच तसं सांगितलं होतं. अहो-जाहोनं तिला म्हणे परकं वाटतं.

खाते मात्र ती, हे कबूल करायला हवं. कामावरून आली की हातपाय धुऊन ताटावर बसते आणि भाताचं पातेलं तळापर्यंत नेते. सासूबाई म्हणायच्या, "खाल्लेलं जातं कुठे असं विचारायचीही सोय नाही, दिसतंच आहे." भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, हे ऐकून मूग गिळून बसत. मी नाही बसत. माझ्या नाकावर राग आहे असं माहेरी म्हणत, ते खोटं नाही. पण मी भांडायला तोंड उघडलं की ताईच माझ्या ताटात वाढायची आणि म्हणायची, "जेव. भूक लागलेल्या बाईनं भांडू नये, मुद्दे सुटतात."

आम्ही दोघी शीतगृहात कामाला आहोत. गोदामांच्या रस्त्याच्या टोकाला पत्र्याची मोठी शेड आहे. शेडमधून एक अरुंद बोळ निघतो, बोळाच्या शेवटी हातभर जाडीचं दार आणि दाराच्या आत आतली खोली. आतल्या खोलीत पाणी गोठत नाही, पण गोठायच्या बेतात असतं. तिथे छतापर्यंत सफरचंदांच्या पेट्या रचलेल्या असतात. माल जायच्या आधी एकेक पेटी उघडायची, नासकं फळ नाकानं आणि अंगठ्यानं ओळखायचं, ते काढून पेटी पुन्हा भरायची. एक नासकं आत राहिलं तर चार दिवसांत सगळी पेटी जाते. हे काम आम्ही पाच जणी करतो. ताई मुकादम, तिच्या खालोखाल काडी, मग मी, आणि दोघी मावसबहिणी, ज्या एकमेकींशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. काडी म्हणजे नावाप्रमाणे काडी. ती ताईपेक्षाही वयानं मोठी, बोलणं कमी, आणि नाक असं की दार उघडताच सांगते, "कोपऱ्यातल्या वरच्या पेटीत काहीतरी आहे."

ताईला आतली खोली का आवडते ते मी पहिल्या उन्हाळ्यातच पाहिलं. बाहेरच्या शेडमध्ये पत्रा तापला की तिच्या अंगाची लाही होते. त्यात वयानुसार येणाऱ्या झळा सुरू झाल्यापासून तर ती तिथे उभी राहिली की लालबुंद होते, श्वास पुरत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेच आतल्या खोलीत शिरली की दहा वर्षांनी लहान दिसते. पेट्या उचलते, शिड्या सरकवते, आम्हाला टोमणे मारते. एकदा मला म्हणाली, "बाहेर सगळीकडे मी जास्त असते गं. इथे मी जेवढी आहे तेवढी बरोबर आहे." मी पेटीत डोकं घातलं.

आतल्या खोलीत तिचे नियम चालत. एकटीनं आत जायचं नाही. आत गेल्यावर गप्प राहायचं नाही, कारण थंडी पहिल्यांदा जिभेवर बसते; शब्द जड झाले की समजायचं, बाई बाहेर काढायला झाली. म्हणून आमच्या खोलीत जगातल्या चहाड्या चालतात आणि त्यांना काम समजलं जातं. आणि तिसरा नियम बाटल्यांचा. आत जाण्याआधी बोळात चहाची टाकी असते, तिच्यातलं कढत पाणी दोन बाटल्यांत भरायचं आणि मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडावरच्या खळगीत, धरून बसायचं. चांगला घाम फुटेपर्यंत. "गार अंगानं गारठ्यात जाणं म्हणजे उपाशी पोटी बाजारात जाणं," असं ती म्हणते. ती आणि काडी हे न चुकता करतात. आम्ही तिघी आळशी. टाकीपाशी उभं राहायचा कंटाळा, म्हणून ताईची पाठ फिरली की तशाच आत घुसायचो आणि मागून शिव्या खायचो.

असं सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात धाकट्या मालकांना थंडीचं वेड लागलं.

थोरले मालक गुडघ्यांनी थकले, घरी बसले, आणि कारभार मुलाकडे आला. मुलगा वाईट नव्हता, पण उंटावरचा शहाणा होता. त्यानं घरी एक टब आणला होता, त्यात रोज सकाळी बर्फ टाकून बसायचा आणि मग दिवसभर त्याबद्दल बोलायचा. थंडीनं चरबी जळते, साखर ताब्यात राहते, माणूस वाघ होतो. आम्ही थंडीत इतकी वर्षं राबतोय, आमच्यातली एकही वाघीण झाली नव्हती, पण मालकाशी वाद कोण घालणार?

अशात एक डॉक्टरीण आली. वैद्यकीय कॉलेजात ती थंडीत काम करणाऱ्या माणसांवर अभ्यास करत होती. मला आवडली ती. पायात साधे बूट, बोलणं हळू, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी. तिनं आम्हाला बोळात बसवून समजावलं. अंगात चरबी दोन जातींची असते. एक पांढरी, ती साठवणीची. दुसरी तपकिरी, ती जाळून ऊब करायची. बाळांमध्ये ही दुसरी भरपूर असते, कारण त्यांना धड कुडकुडताही येत नाही. मोठेपणी थोडीशी उरते, गळ्याच्या हाडाच्या वर, मानेत, पाठीच्या कण्याला लागून. थंडी वाजली की ती पेटते आणि अंगातली चरबी आणि साखर जाळून ऊब देते. जे रोज गारठ्यात वावरतात त्यांची ती वाढते, मग त्यांना हुडहुडी कमी भरते.

"मग आम्ही सगळ्या बारीक का नाही?" मावसबहिणींतल्या एकीनं ताईकडे तिरकं बघत विचारलं.

"कारण थंडीनं भूकही वाढते," डॉक्टरीण म्हणाली. "शरीर हिशोबाला पक्कं असतं. इकडे जाळलं की तिकडे मागून घेतं. थंडीत बसून माणूस हमखास बारीक होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

मी ताईकडे बघितलं. ती हसत नव्हती, पण तिनं पदरानं चेहरा पुसला आणि जरा सरळ बसली. इतकी वर्षं ताटावर ऐकलेल्या बोलण्याचं उत्तर तिला फुकटात मिळालं होतं. त्या रात्री मी सासूबाईंना ते शब्दशः ऐकवलं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना काय, त्यांना थोडंच रांधायचंय."

चाचणी अशी होती. गळा आणि खांदे उघडे ठेवून बसायचं. एक कॅमेरा होता, तो माणसाचा चेहरा दाखवत नाही, ऊब दाखवतो. ऊब असेल तिथे लाल, गार असेल तिथे निळं. आधी एक चित्र काढायचं. मग गार पाण्याच्या नळ्या शिवलेलं जाकीट घालून बराच वेळ बसायचं आणि मग दुसरं चित्र. बाकी अंग गार पडलं तरी गळ्याच्या हाडावरची जागा ऊब धरून असेल, तर तिथे तपकिरी चरबी पेटली आहे असं समजायचं. डॉक्टरीण प्रत्येकीला विचारत होती, "तुमची तयारी आहे ना? नसेल तर नाही म्हणा." पण शेजारी धाकटे मालक हाताची घडी घालून उभे, आणि त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलेलं की सगळ्यांनी बसायचंय. अशा वेळी नाही कोण म्हणतं?

पहिले तेच बसले. त्यांचा गळा लाल आला. ते चित्र त्यांनी मोबाईलमध्ये घेतलं आणि चहावाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवलं. मग आम्ही. माझा लाल आला, मावसबहिणींचा लाल आला. ताईचा आणि काडीचा पहिल्या चित्रात लालभडक होता आणि दुसऱ्यात निळा. चाचणी मालकांच्या ऑफिसात होती आणि पडदा टेबलावर. ते मागे उभं राहून प्रत्येकीचं चित्र बघत होते. डॉक्टरिणीच्या ते लक्षात आलं तेव्हा तिनं पडदा फिरवला, पण तोवर त्यांनी बघायचं ते बघून घेतलं होतं.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला शेडमध्ये उभं केलं. योग्य माणूस योग्य जागी असायला हवं, म्हणाले. ज्यांचं शरीर थंडीसाठी बनलंय त्यांनी आत, बाकीच्यांनी बाहेर. पुढच्या सोमवारपासून ताई आणि काडी शेडमध्ये, पत्र्याखाली. "तुमच्याच तब्येतीसाठी सांगतोय," असंही म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि या दोघींनी तर हात दाखवलाही नव्हता, तो ओढून बघितला होता.

काडीचे ओठ पांढरे पडले. ताई म्हणाली, "माझ्या हातून माल नासला का?"

"तसं नाही ताई."

"मग?"

"तुमचं चित्र निळं आलंय."

तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. पत्र्याखाली ताईचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. ती तिथे महिनाभरसुद्धा टिकली नसती. काम सोडून घरी बसली असती, आणि घरी सासूबाईंच्या हाताखाली, ताटातल्या घासाघासाला ऐकत. मला इतका राग आला की माझेच कान तापले. कॅमेरा असता तर त्यानं मला नखशिखांत लाल दाखवलं असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरीण काही राहिलेले प्रश्न विचारायला आली. आम्ही आत जायच्या तयारीत होतो. ताई आणि काडी टाकीशेजारी बसून मानेला बाटल्या लावत होत्या. डॉक्टरीण बोळाच्या तोंडाशीच थांबली.

"हे काय करताय?"

"आत जायच्या आधी शेक घेतोय," ताई म्हणाली.

"चाचणीच्या दिवशीही घेतला होता?"

"घ्यायला नको? तुम्हीच म्हणालात गार जाकीट घालायचंय. या तिघी तशाच गेल्या, त्यांना शिस्त नाही. आम्ही दोघींनी तर दुप्पट वेळ घेतला."

डॉक्टरीण मटकन पेटीवर बसली. मग तिनं सांगितलं. बाटलीनं गळ्याची खळगी आधीच तापवलेली, म्हणून पहिलं चित्र लालभडक. नंतर ती उसनी ऊब निघून गेली, म्हणून दुसरं निळं. शिवाय अंग आतून ऊबदार असेल तर ती चरबी पेटायचे कष्ट तरी का घेईल? दोघींच्या चित्रांतून काहीच कळत नव्हतं, ना चांगलं ना वाईट. ज्यांनी नियम पाळला त्या नापास आणि आम्ही तिघी कामचुकार पास. मला हसू आवरेना. ताईनं असं बघितलं की आवरलं.

डॉक्टरीण तडक ऑफिसात गेली. काचेतून आम्हाला दिसत होतं. ती हात हलवून बोलत होती, ते मान हलवत होते. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "मी त्यांना सांगितलं की ही चाचणी माणसं निवडायला नाहीच आहे. गळा लाल आला म्हणजे चूल पेटली एवढंच कळतं, कोण काम करू शकेल ते नाही. चूक माझीही आहे, पडदा त्यांना दिसायला नको होता." मग म्हणाली, "ते म्हणतात, पुन्हा चाचणी करा. शेक न घेता. लाल आलं तर दोघी आत."

"झालं तर मग!" मी म्हणाले. "ताई, बस उद्याच."

ताई डॉक्टरिणीकडे वळली. "हिचं काय येईल?" काडीकडे बोट करून तिनं विचारलं.

डॉक्टरीण खोटं बोलली नाही. "सांगता येत नाही. वय वाढतं तशी ती चरबी कमी होते. कदाचित निळंच येईल. पण त्याचा अर्थ—"

"अर्थ राहू द्या," ताई म्हणाली. "मी बसणार नाही."

घरी गेल्यावर भाऊजींच्या कानावर ते मीच घातलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ताटावर तोंड उघडलं. "अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे. बसलीस तर काय बिघडतं?" सासूबाई म्हणाल्या, "फुकटचा ताठा." मीही भर घातली. म्हटलं, ताई, तुझं लाल येणार हे मला आत्ताच दिसतंय, काडीचं मग बघू.

तिनं घास खाली ठेवला. ती घास खाली ठेवते तेव्हा घरात चमच्याचाही आवाज होत नाही.

"आजवर सगळ्यांनी मला सांगितलं की मी निळी आहे," ती म्हणाली. "शिंप्यानं, तुम्ही, शेजारच्यांनी. मी ऐकून घेतलं, कारण तोंडं कुणाकुणाची धरणार? आता म्हणतात, ये, बस, गळा उघडा कर, आणि लाल असल्याचं दाखव, मग तुला तुझी जागा देऊ. माझी जागा मी कामानं घेतलीय. उद्या माझं लाल आलं आणि मी आत गेले, तर परवा काडी बाहेर गेली हे मला मान्य असल्यासारखं होईल. मला मान्य नाही. लाल आलं तरी नाही आणि निळं आलं तरी नाही."

मग तिनं घास उचलला आणि पातेलं तळापर्यंत नेलं. सासूबाईंनी त्या रात्री न बोलता वाढलं.

सोमवारी ती रोजच्यासारखी आली. रोजच्यासारख्या बाटल्या भरल्या, काडीला एक जोडी दिली, घाम फुटेपर्यंत बसली. मग स्वेटर, टोपी, हातमोजे घालून दारापाशी गेली. धाकटे मालक दारात उभे होते.

"ताई, तुम्ही शेडमध्ये."

"कामाबद्दल काही तक्रार असेल तर बोला, उभी राहून ऐकते," ताई म्हणाली. "अंगाबद्दल नाही. अंग माझं आहे, काम तुमचं. तुम्ही कामाबद्दल बोला."

"थंडीत तुम्हाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"इतकी वर्षं कोण होतं? मीच होते. या सगळ्यांची मी होते." तिनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमचा गळा लाल आहे ना? मग असं करा. आज तुम्ही काडीच्या जागी या. तिच्या पेट्या तपासा. काडी बाहेर बसून तुम्ही पाठवलेला माल बघेल. दिवसभर निभावलंत तर आम्ही दोघी उद्यापासून शेडमध्ये, एक शब्द बोलणार नाही."

मला वाटलं ते चिडतील. पण टबात बसणाऱ्या माणसाला असं आव्हान म्हणजे मेजवानी. त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. ताईनं त्यांना जबरदस्तीनं कोट घालायला लावला, टोपी स्वतःच्या हातानं कानांवर ओढली. शेक मात्र त्यांनी नाकारला. आम्हाला गरज नाही म्हणाले.

खोटं कशाला बोलू, थंडी त्यांना सोसवत होती. बराच वेळ ते कुडकुडले नाहीत. त्यांच्या गळ्यातली चूल नक्कीच पेटली असणार. पण नाकाला त्याचा काय उपयोग? ते पेटी उघडत, भराभरा फळं चाचपत, झाकण लावून पुढे सरकवत. वरून चकचकीत आणि देठापाशी मऊ पडलेलं फळ कसं असतं ते त्यांच्या अंगठ्याला ठाऊकच नव्हतं. पेट्या सरकत्या पट्ट्यावरून बाहेर काडीकडे जात. दार उघडलं की तिच्या पायाशी नासक्या फळांचा ढीग दिसायचा, दर वेळी आधीपेक्षा मोठा. काडी एकेक उचलून ढिगावर ठेवत होती.

"बोला मालक," ताई मधूनमधून म्हणायची. "आत गप्प राहायचं नाही."

सुरुवातीला ते टबाबद्दल बोलले. मग त्यांच्या लहानपणी वडील त्यांना इथे आणायचे त्याबद्दल. मग बोलणं तुटायला लागलं. हात गार लोखंडी शिडीला लावून लावून बधिर झाले असावेत, एक पेटी त्यांच्या हातून निसटली. ते म्हणाले, "क... काही नाही, मी ठी..." आणि पुढचा शब्द तोंडातच विरघळला.

"चला, बाहेर," ताई म्हणाली.

"अजून दिवस—"

"मालक असाल बाहेर. आत मुकादम मी आहे. चला." तिनं त्यांना दंडाला धरलं आणि लहान मुलाला शाळेच्या फाटकातून आणावं तसं बोळात आणलं. पेटीवर बसवलं, कोरडं पांघरूण गुंडाळलं, कोमट गोड चहाचा पेला हातात धरवला आणि तो सांडू नये म्हणून आपल्या दोन्ही तळव्यांनी त्यांचे तळवे धरून ठेवले. ते हळूहळू थरथरायला लागले, म्हणजे अंग पुन्हा ऊब करू लागलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मी तिच्यावर तेव्हा जेवढा जीव टाकला तेवढा नवऱ्यावरही टाकला नसेल.

बोलता यायला लागल्यावर त्यांनी काडीच्या पायाशी असलेला ढीग बघितला.  मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही दोघी आतच राहा." आम्ही हुश्श करतो न करतो तोच त्यांची मान माझ्याकडे वळली. नाक कापलं तरी भोकं शाबूत असतात माणसाची. "पण मुकादम आजपासून ही. लाल गळ्याचं कुणीतरी जबाबदार असलं पाहिजे."

मी! जिला आजही तीन दिवसांतून एकदा शिव्या पडतात ती! मावसबहिणी माझ्याकडे बघायला लागल्या. ताईनं मात्र बघितलं नाही, ती पेला विसळत होती. हो म्हणायची वाट तिनं माझ्यासाठी मोकळी ठेवली होती, हे मला कळलं आणि त्याचाच जास्त राग आला.

"मालक," मी म्हणाले, "माझ्या गळ्याचं चित्र तुमच्याकडे आहेच. तेच दाराला लावा. तेच देईल हुकूम, तेच तुमचा हात धरून तुम्हाला बाहेर काढेल. मला ताईच्या हाताखाली काम आहे." आणि मी टाकीपाशी जाऊन, लग्नानंतर कधी नव्हे त्या शिस्तीनं, दोन बाटल्या भरल्या आणि मानेला लावून बसले. मावसबहिणी उठल्या आणि त्याही माझ्यामागे रांगेला लागल्या.

ते पांघरूण गुंडाळून ऑफिसात गेले. आम्ही जिंकलो असं कुणी सांगितलं नाही, चूक झाली असंही कुणी म्हटलं नाही. आमच्यासारख्यांना ते कुणी सांगतही नाही. दुसऱ्या दिवशी दारात कुणी उभं नव्हतं, एवढंच. चित्रांचा विषय पुन्हा निघाला नाही आणि उन्हाळाभर ताई आतल्या खोलीत पेट्या उचलत होती. काडीही होती. तिचं नाक आजही तसंच आहे.

पावसाळा संपताना डॉक्टरीण आली. या वेळी ती ऑफिसात गेली नाही, थेट बोळात आली आणि ताईशेजारच्या पेटीवर बसली. तिचा अभ्यास अजून चालू होता. इतकी वर्षं थंडीत काम केलेल्या बायका तिला फार मिळत नव्हत्या. "तुमची इच्छा असेल तरच," ती म्हणाली. "कॉलेजात येऊन. तिथे मी एकटी असेन. चित्र कुणालाही दिसणार नाही. नको असेल तर नको म्हणा, मी पुन्हा विचारणार नाही."

"दुसऱ्या कुणाला काही कळणार नाही?"

"नाही."

"माझ्या कामाला त्यानं काही होणार नाही?"

"काहीच नाही."

ताईनं हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "येते."

मी सोबत गेले आणि खोलीबाहेर बाकावर बसले. दार अर्धवट लोटलेलं होतं. तिनं शेक घेतलेला नव्हता. गार पाण्याचं जाकीट घालून ती बसली आणि आपल्या सवयीप्रमाणे सगळा वेळ बोलत राहिली: माझ्याबद्दल, काडीच्या नाकाबद्दल, सासूबाई हल्ली न बोलता कशा वाढतात त्याबद्दल. डॉक्टरीण हसत होती. मग दोघी गप्प झाल्या. चित्र काढून झालं असावं.

"बघायचंय?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"लाल असलं तर मी उद्या जास्त पेट्या उचलणार आहे का?"

"नाही."

"आणि निळं असलं तर कमी?"

"नाही."

"मग राहू दे तुमच्याकडे." जाकिटाचे बंद सोडल्याचा आवाज आला, मग तिचा जाड स्वेटर डोक्यातून घालताना तिला जरा धाप लागली. "पण एक सांगते. या अंगाबद्दल आजवर सगळेच बोलले. आधी मला विचारून मग बोललेलं माणूस तुम्ही पहिलंच."